कळक लावताना घ्यायचं नाव

"बांबू माती धरून ठेवतो."

पहिली काठी माझ्या नवऱ्याच्या कानामागं बसली. रंगा आधी गुडघ्यांवर आला, मग एका हातावर. त्याच्या बोटांमधून रक्त वाळूत पडायला लागलं. मारणाऱ्याच्या हातातली काठी मी ओळखली. मेसाची, म्हणजे भरीव बांबूची, विस्तवावर शेकून सरळ केलेली, आमच्याच कळकाच्या बेटातली. सातोशीत कळक होत नव्हता. काठ्या, शिड्या, डालगी, सगळं ते नदीपलीकडचे लोक आमच्याकडून विकत नेत.

"कुणी मारलं रं दाजीला?" माझा भाऊ मागून ओरडत पाण्यातून आला. "मी सांगितलं हुतं, दाजीच्या अंगाला हात लावायचा न्हाई!"

"मग त्याला सांग की बाजूला व्हायला," मारणारा म्हणाला.

"दाजी, व्हा बाजूला." दादाच्या हातात कुऱ्हाड होती. दुसऱ्या हातानं तो रंगाला उठवू पाहत होता. "तुमच्याशी भांडण न्हाई माझं. भांडण कळकाशी हाय."

रंगा उठला नाही. बाजूलाही झाला नाही. भावाच्या पायाला त्यानं मिठी मारली आणि दात लावले.

मी धुण्याचा पिळा हातात घेऊन पाण्यात उभी होते. उन्हाळ्यातली सकाळ, नदीत घोटाभर पाणी. अलीकडं खामणेवाडी, माझं सासर. पलीकडं सातोशी, माझं माहेर. सातोशीचं निम्मं गाव कुऱ्हाडी आणि रॉकेलचे डबे घेऊन नदी ओलांडत होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला मी काका, मामा, दादा म्हणत मोठी झाले होते.

"बांबूला खत नको, निगा नको."

ही वाक्यं साहेबांची. त्याच आठवड्यात आमच्या गावात कार्यक्रम झाला होता. कुठल्याशा खात्याचे साहेब आले, काठावर हिरवी पाटी लागली, 'वेळूचं गाव'. माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, फेटा बांधला. साहेब छान बोलले आणि खरं बोलले. आमचा काठ मुठीत धरल्यासारखा उभा होता. बेटांच्या मुळ्या एकमेकींत अशा विणल्या होत्या की खणायला पहार लागे. पूर आला की गाळ बेटांत अडकायचा आणि ओसरला की आमच्या मळीवर, नदीकाठच्या शेतावर, नवी काळी माती बसायची. घराच्या कुडाला कळक, मांडवाला कळक, कोंबड्यांना डालगं, धान्याला कणगी. कोंबांची भाजी. गळलेल्या पानांचं खत. वाऱ्याला आडोसा. तोडावं तितकं पुन्हा यायचं.

एकच गोष्ट चुकली. कर्णा ज्या बेटाला बांधला त्याचं तोंड नदीकडं झालं. आवाज नदीवरून नीट जातो. साहेबांचा शब्दन् शब्द सातोशीनं ऐकला.

साहेबांनी जे सांगितलं नाही ते सातोशीला आधीच माहीत होतं. आमच्या काठानं पाणी अडवलं म्हणजे पाणी संपत नाही. ते वळतं आणि पलीकडं जाऊन धडकतं.

बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची, विहीर मळीच्या मधोमध होती. मी लहान असताना तिथून नदी दिसतसुद्धा नव्हती. लग्नानंतर दर दिवाळीला गेले की नदी जवळ आलेली असायची. मग एका पुरात विहिरीभोवतीची मातीच गेली. दगडी बांधकाम तेवढं वाळूत उभं राहिलं, बुरुजासारखं, आत कोरडं. आई त्याच्याकडं पाठ करून बसायची. म्हणायची, "विहीर अशी बाहीरनं बघायची वस्तू हाय व्हय गं?"

कार्यक्रमाच्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उजेडी, दादा पलीकडच्या कडेला उभा राहून ओरडला होता, "केरबातात्या, फेटा सांभाळून ठेवा! बेटं न्हाईत ऱ्हात आता!"

मामंजी तोंड धूत होते. त्यांनी चूळ थुंकली आणि म्हणाले, "ये की. वाट बघतो."

हे आधी सांगायला हवं होतं, की काठावरच्या प्रत्येक बेटाला नाव होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या मिरगात नव्या सुनेनं काठावर कळक लावायचा, ही खामणेवाडीची रीत. जुन्या बेटातून बुडखा काढून देत, म्हणजे मुळासकटचा तुकडा. सुनेनं तो खड्ड्यात ठेवायचा, माती लोटायची आणि मोठ्यानं आपल्या माहेराचं नाव घ्यायचं. पुढं ते बेट त्याच नावानं ओळखलं जायचं. माझ्या सासूबाईंचं, आत्तींचं, बेट सगळ्यांत दाट होतं. ते 'ढवणाचं बेट'. ढवण मी पाहिलेलं नव्हतं. विचारलं की आत्ती म्हणायच्या, "हुतं वर नदीकाठाला," आणि सूप हातात घ्यायच्या.

माझं बेट वळणाच्या टोकावर, बरोबर माझ्या माहेराच्या मळीसमोर. जागा मामंजींनी दाखवली.

"मोठ्यानं घे नाव," ते म्हणाले होते. "पल्याड ऐकू गेलं पायजे."

मी घेतलं. "सातोशी! सर्जेराव तुका शिंत्र्यांचं घर!"

सासरच्या मातीत माहेराचं नाव लागलं म्हणून मला भरून आलं होतं. पलीकडून दादानं टोपी हलवली होती. सर्जेराव म्हणजे तोच.

"बांबू हवा शुद्ध करतो."

रॉकेल ओतलं ते आत्तींच्या बेटावर. खाली वाळक्या पानांचा गुडघाभर थर, त्यानं भपकन पेट घेतला. बंद पेरं तापली आणि फुटायला लागली. धाड, धाड, बंदुकीचे बार उडावेत तसे. सातोशीच्या लोकांनी कळक जळताना कधी ऐकला नव्हता. "गोळ्या घालत्यात!" म्हणून ते पळाले, एकमेकांवर पडले, आणि आमच्या पोरांनी तेवढ्यात गोफणी चालवल्या. एक दगड माझ्या चुलत्याच्या जबड्यावर बसला. दात ओंजळीत घेऊन तो पाण्यात बसला आणि कुणाला तरी दाखवायला वर बघत राहिला.

"कळक फुटतोय, भाड्यांनो!" दादा ओरडला. "गोळ्या न्हाईत! फिरा मागं!"

ते फिरले. आता भ्यालेले होते, म्हणून जास्त वाईट फिरले. शेजारच्या बाळकूनं कुऱ्हाड अडवायला हात वर केला. तो हात पुन्हा कधी त्याला वर करता आला नाही. आमच्या पारूवहिनीच्या गालात कळकाची जळती कामटी घुसली. तिनं ती उपटली आणि समोर आलेल्याच्या मानेत खुपसली. तो कोण होता हे तिनं पाहिलं नाही. मी पाहिलं. तो तिला दरवर्षी हुरडा आणून देणारा सातोशीचा नामू होता.

मामंजी वरच्या बांधावर बसले होते. डोक्यावर कार्यक्रमातला फेटा. हातात काही नाही.

"तात्या, टोकाकडं चाललेत ते! हौसावैनीच्या बेटाकडं!" कुणीतरी ओरडलं.

"जाऊ द्या."

"तोडतील की वो!"

"तोडू द्या. त्या टोकाला आपलं कुणी जायचं न्हाई. सांगून ठेवतो, कुणी जायचं न्हाई."

मला वाटलं, माझ्या माहेरचं बेट म्हणून ते सोडून देतायत. मला वाईटही वाटलं.

मी गेले. पिळा टाकला, पाण्यातून पळत टोकाला गेले आणि दादाच्या कुऱ्हाडीचा दांडा धरला.

त्याच्या पोटरीतून रक्त येत होतं, रंगानं चावलं तिथून.

"सोड, हौसे."

"दादा, माझं बेट हाय ते."

"म्हणूनच." तो धापा टाकत होता. "दुसऱ्या कुणी तोडलं तर तुला वाईट वाटंल. मी तोडतो. घरातलं घरात."

"आन् मी हितं कुठं तोंड दाखवू?"

"आयला, तू तोंडाचं बघतीस. मळीचं काय? पोरं काय खातील माझी, वाळू?" त्यानं दांडा हिसकला. मी वाळूत पडले. तो थांबला, वाकला, माझ्या कोपराची वाळू झाडली. "लागलं का गं?"

"न्हाई."

"मग बस तितंच."

तो बेटाकडं वळला, आणि तेव्हा मला दिसलं. नदीकडच्या कडेचे कळक वाकले होते. टोकं आत, गावाकडच्या झुडपात कुठंतरी गेलेली. फुगलेल्या पाठी नदीकडं. वाऱ्यानं असं होतं कधी कधी. वाकलेला कळक कसा तोडायचा हे आमच्याकडं शेळ्यांमागच्या पोरीलाही माहीत असतं. पाठीवर घाव घालायचा नाही. बाजूला उभं राहायचं, पोटाकडून थोडं थोडं कापत त्याचा ताण सोडवायचा. पाठीवर घाव बसला तर कळक उभा चिरत वर जातो आणि तुटलेलं बूड माणसाच्या अंगावर येतं, बैलाच्या लाथेसारखं.

सातोशीत कळक होत नव्हता.

"दादा, पाठीवर घालू नको! वाकलाय त्यो! पोटाकडनं घाल, बाजूला उभा ऱ्हा!"

दादानं वळून पाहिलं आणि हसला. खरंच हसला. "ऐकलं का रं? आमची हौसा! तोडू नको म्हणती, आन् कसं तोडायचं ते बी तीच शिकवती!"

मागचे दोघं-तिघं हसले. तेवढ्या मारामारीत हसले.

"सासरचं पाणी चढलं गं तुला," एक जण म्हणाला.

"दादा, आईची शपथ घालते—"

"शपथा त्यांच्या कळकाला घाल," दादा म्हणाला, आणि त्यानं कुऱ्हाड उचलली.

पोलिसांच्या कागदात एकच ओळ आहे. नदीकाठी बांबू तोडत असताना बांबू उसळून छातीस व गळ्यास मार लागल्याने जागीच मयत.

पुन्हा.

खामणेवाडीत सांगतात ते असं: बेट जागृत होतं. ज्यानं हात लावला त्याला त्यानं सोडलं नाही.

पुन्हा.

घाव पाठीवर बसला. कळक फाटल्याचा आवाज आला, जाड कापड फाडल्यासारखा, खालून वर जाणारा. मग बूड सुटलं. दादाला कळलंही नसेल. फाटलेली अर्धी फोड त्याच्या हनुवटीखालून वर गेली आणि उरलेल्या बुडानं त्याला छातीवर उचलून मागं फेकलं. कुऱ्हाड त्याच्या हातातच होती. तो बसल्यासारखा पडला, पाठ खडकाला टेकून, माझ्याकडं तोंड करून. तोंड उघडलं. शब्द आला नाही, गळ्यातल्या फटीतून नुसता वारा आला, आणि वाऱ्याबरोबर फेस. मी दोन्ही हातांनी ती फट दाबली. माझे हात गरम झाले. तो माझ्या कोपराकडं बघत होता, जिथली वाळू त्यानं झाडली होती. मग तो कुठंच बघत नव्हता.

मारामारी आपोआप थांबली. आत्तींचं बेट जळत होतं, पेरं फुटत होती, तेवढाच आवाज.

तुटलेल्या कळकाचं टोक ताण सुटल्यावर झुडपातून बाहेर आलं होतं आणि माझ्या शेजारी वाळूत पडलं होतं. त्याच्या शेंड्याला हिरव्या कामटीचा पिळलेला बंध होता. मी त्याच्याकडं बराच वेळ बघत होते. बघत होते एवढंच. कळलं काही नाही.

"पाळण्यापासून तिरडीपर्यंत बांबू माणसाची साथ सोडत नाही."

या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या.

रंगानं आमच्या घरची शिडी आणली, दादाला पलीकडं न्यायला. त्याच्या कानामागचं रक्त वाळून काळं झालं होतं.

"ठेव ती खाली," सातोशीचा एक म्हातारा म्हणाला. "तुमच्या कळकावर न्हाई नेणार आम्ही त्याला."

त्यांनी दादाला हातांवर उचललं. पाण्यातून जाताना त्याचं डोकं मागं लोंबत होतं. चुलत्यानं, ज्याचे दात गेले होते त्यानं, ते पुढं होऊन आपल्या तळहातावर धरलं.

तिरडीला कळक लागतो. सातोशीत एकही नवा कळक नव्हता आणि आमच्याकडून घ्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून बाभळीच्या फांद्या तोडल्या. बाभूळ कुठली सरळ? तिरडी वेडीवाकडी झाली, बांधता बांधता लोकांचे हात काट्यांनी फाटले. दादा त्यावर एका अंगाला कलला. मी त्याला सरळ करायला पुढं झाले तेव्हा आईनं माझा हात धरला. जोरात नाही.

"त्यानं सांगितलं हुतं का तुला, काय करणार हाय ते?" तिनं विचारलं.

"न्हाई गं आई."

"मग तू त्याला सांगायचं न्हाईस, कळक कसा तोडत्यात ते?"

"सांगितलं, आई. ओरडून सांगितलं."

"मग?"

"त्याला वाटलं, मी त्यांची झाले."

आईनं माझा हात सोडला. "मग हितं काय करतीस? त्यांच्यात जा," ती म्हणाली, आणि दादाच्या पायाशी बसली, विहिरीकडं पाठ करून.

मी त्यांच्यात गेले.

उजेड अजून होता. आत्ती आपल्या जळलेल्या बेटापाशी उभ्या होत्या, पायाखाली गरम राख. मी टोकावर जाऊन तो शेंडा घेऊन आले आणि त्यांच्यासमोर धरला. हिरव्या कामटीचा बंध, पीळ उलटा. मामंजी डावखुरे होते. त्यांनी बांधलेली मोळी सगळ्या गावाला ओळखू यायची, कारण गाठीचा पीळ उलटा असे.

"आत्ती, ही गाठ कुणाची?"

आत्तींनी हात लावला नाही.

"काल सकाळी बांधत हुते," त्या म्हणाल्या. "कडेचे सगळे वाकवून बांधले. मी इचारलं. म्हणाले, डुकरासाठी फास लावतोय."

"डुक्कर कळक तोडायला येतं?"

"न्हाई."

"तुमाला तवाच कळलं?"

"मला ते बांधताना कळलं न्हाई. बांधून घरी आले आन् पोटभर जेवले, तवा कळलं." त्यांनी पायानं राख सारली. "पर म्हणलं, कोण बी येईल, कोण बी तोडंल. तुझा भाऊच तुझं बेट तोडाय येईल असं मला न्हाई वाटलं. त्यास्नी वाटलं हुतं. म्हणूनच त्यांनी ते बेट निवडलं."

मी म्हणाले, पोलिसांना सांगते. आत्ती म्हणाल्या, सांग, पण जे कळक तोडले नव्हते त्यांचे बंध रंगानं दुपारीच सोडून जाळलेत, बापानं सांगितलं म्हणून. माझ्या हातातला हा एक उरलाय. आणि हा तर नुसता मोळीचा बंध आहे, गावात जिथं तिथं पडलेला असतो.

मग त्या खाली बसल्या, राखेतच.

"तुला अजून एक सांगायचं राहिलंय. कळक लावताना नाव का घ्यायला लावत्यात, ठावं हाय का?"

"बेट वळखायला."

"ते सांगाय झालं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं, काजळी सगळी पसरली. "हितं मानत्यात, की जो कळक लावतो त्याच्या घरचा एक जातो. बेटातला पहिला कळक दंडाएवढा जाड झाला, की जातो. मग आपल्या घरचं कोण लावंल? म्हणून सुनंला लावायचा. आन् नाव तिच्या माहेरचं. जायचं ते तिकडचं जाईल."

पलीकडून रडण्याचा आवाज येत होता. नीट येत होता.

"ढवण कुठं हाय, आत्ती?"

"कुठं हाय?" त्यांनी मान नदीच्या वरच्या अंगाला वळवली. "गेलं. माझं बेट लागल्यावर धाकल्या बहिणीचं घर गेलं, मग देऊळ, मग सगळं. लोकं म्हणाली, नदीनं खाल्लं. माणसं कुठं कुठं गेली. मी पंचमीला पाण्यात उभी ऱ्हाते न्हवं, त्ये ढवणाला जाती."

मी दरवर्षी पाहत होते त्यांना, नागपंचमीला, गुडघाभर पाण्यात. मला वाटायचं, पाय धुतायत.

त्या दिवशी काठावर मला रीत आणि नदी यांच्यातला फरक सांगता आला नसता. आजही येत नाही. नाव सातोशीचं घेतलं, बेट वळणाच्या टोकावर लागलं, पाणी सातोशीवर वळलं, मळी गेली, भाऊ कुऱ्हाड घेऊन आला. यात शाप कुठं सुरू होतो आणि पाणी कुठं संपतं?

"बांबू हे गवत आहे. कापलं तरी पुन्हा येतं."

मिरगात आत्ती पहार घेऊन आल्या. त्यांचं बेट वरून जळालं होतं, पण खाली मुळ्या जिवंत होत्या. नवे कोंब राखेतून बोटभर वर आले होते. आम्ही दोघींनी बुडखे काढले. ओले, जड, एकेक लहान पोराएवढा. पाट्यांत घातले आणि दोघी त्या डोक्यावर घेऊन नदीत उतरलो. पाणी मांडीपर्यंत आलं होतं.

मामंजी काठावर आले. मागं रंगा.

"कुठं चाललाय?"

आत्ती चालत राहिल्या.

"अगं ए, इचारतोय मी! पल्याड कळक लावलासा तर पाणी कुठं जाईल? आपली मळी जाईल की!"

"मधनं जाईल," आत्ती वळून न बघता म्हणाल्या. "नदी हाय ती. मधनं जायला काय झालं तिला?"

सातोशीचे लोक आडवे आले. त्यांच्या हातात काठ्या होत्या, आमच्याच. माझ्या पाठीत एक बसली. पाटी पडली, मी ती उचलली. दुसरी बसणार तेवढ्यात आई पुढं आली. तिनं मला जवळ घेतलं नाही. काठी मात्र धरली.

"काय लावतीस?" तिनं विचारलं.

"कळक."

"त्यानं मारलं त्याला."

"त्यानं न्हाई मारलं, आई. माती धरून ठेवतो त्यो."

ती बघत राहिली. मग विहिरीच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. "हितनं तुटती कडा."

खड्डा आईनंच खणला. मी बुडखा आत ठेवला, माती लोटली, पायानं दाबली. आता नाव. समोर, पाण्यापलीकडं, मामंजी उभे होते. त्यांना कळलं होतं. फेटा नव्हता डोक्यावर, केस विस्कटलेले, आणि ते हात हलवून "नको, नको" म्हणत होते. नवऱ्याच्या बापाचं नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. मी तोंड उघडलं. जीभ हललीच नाही. भीती नव्हती. सवय होती.

माझ्या मागून आवाज आला.

"केरबा ज्योती डोणकर!"

आत्ती. लग्नात घेतलेल्या उखाण्यानंतर त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं ते तेव्हाच. उखाणा नव्हता. बापाचं नाव, आडनाव, सगळं सुटं, स्वच्छ.

"केरबा ज्योती डोणकरांचं घर! खामणेवाडी!"

मग त्यांनी रिकामी पाटी डोक्यावर ठेवली आणि त्याच घरी परत गेल्या. मी नाही गेले.

त्या रात्री त्यांना मार बसला की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढं त्या खामणेवाडीच्या कडेला धुणं घेऊन यायच्या आणि मी सातोशीच्या, आणि आम्ही बोलायचो. रंगानं दोनदा निरोप पाठवला. एकदा स्वतः आला, नदीच्या मध्यापर्यंत. "मला ठावं नव्हतं गं," म्हणाला. मी विचारलं, "आन् बंध जाळताना?" तो पाण्यातून परत गेला.

पहिल्या दोन पुरांत कडा तुटत राहिली. तिसऱ्यात थांबली. विहिरीभोवती गाळ बसायला लागला. आधी बोटभर, मग वीतभर. पुढं गुडघाभर मातीत विहीर पुन्हा उतरली. दादाच्या पोरांनी तिथं भुईमूग केला. आज सातोशी स्वतःच्या काठ्या स्वतः काढते, तिरडीसुद्धा सरळ होते.

मामंजी बरीच वर्षं जगले. रोज सकाळी तोंड धुण्याआधी ते काठावर येत आणि आमच्या बेटाकडं तोंड करून उभे राहत. डोळे गेले होते. रंगा शेजारी असायचा.

"केवढा जाड झालाय रं सगळ्यात मोठा?"

"मनगटाएवढा हाय अजून, तात्या."

"नीट बघ."

"मनगटाएवढाच."

रंगा खोटं बोलायचा. मी रोज ऐकायचे. आवाज नदीवरून नीट येतो.

एक दिवस आत्ती धुण्याला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. संध्याकाळी पलीकडं तिरडी दिसली, सरळ कळकाची, आणि पुढं मडकं धरलेला रंगा. बेटातला कळक घेतला होता आणि तो ढवणाच्या बेटातला होता, एवढं मला इथूनही ओळखू आलं.

त्यानंतरच्या सकाळी मामंजी काठावर आले, नेहमीसारखे.

"केवढा जाड झालाय रं?"

रंगा उत्तर देणार तेवढ्यात मी बेटातून पुढं आले, अगदी पाण्याच्या कडेपर्यंत. हात कळकावर होता. जीभ हलली.

"दंडाएवढा झालाय, केरबा!"